नाटकमंडळ्यांची चढाओढ

स्पर्धेने कला वाढते की बिघडते, हा प्रश्न आपल्याकडे अधूनमधून विचारला जातो. कॉलेजांच्या स्नेहसंमेलनांच्या दिवसांत तर तो फारच ऐकू येतो. एक पक्ष म्हणतो, ईर्षा असल्याशिवाय माणूस अंग मोडून काम करीत नाही. दुसरा म्हणतो, बक्षिसावर डोळा ठेवून केली ती कला कसली? दोन्ही पक्ष ठाम असतात, आणि दोघांचीही उदाहरणे बहुधा एकेकट्या कलावंताची असतात. कुणी कवी, कुणी चित्रकार, कुणी गवई. पण नाटकाचे काय? तिथे वीसपंचवीस माणसांचे हात लागतात. पडदा ओढणाऱ्याने अर्धा मिनिट उशीर केला, तर मेलेला नायक प्रेक्षकांदेखत उठून बसायची वेळ येते. अशा अनेकांच्या मिळून होणाऱ्या कामात चढाओढीचा आणि मोबदल्याचा परिणाम काय होतो, हे पाहायला आपल्याला लांब जायला नको. १८८० पासून १९३५ पर्यंतचा मराठी संगीत नाटकमंडळ्यांचा इतिहास आपल्यासमोर आहे. त्यातली पदे आपण पुष्कळ आळवतो. त्या मंडळ्या चालत कशा आणि मोडत कशा, हे मात्र आपण फारसे पाहत नाही. आज तेवढेच पाहू.

आधी ‘मंडळी’ म्हणजे काय, ते ध्यानात घेतले पाहिजे. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीस ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून नाटकवाल्यांचे फिरते संच महाराष्ट्रभर हिंडू लागले. अण्णासाहेब किर्लोस्करांनी ३१ ऑक्टोबर १८८० रोजी पुण्यात ‘शाकुंतल’चे पहिले चार अंक रंगभूमीवर आणले, आणि संगीत नाटकाचे युग सुरू झाले. या संचांना ‘मंडळी’ म्हणत. मराठीत बायकोलाही ‘मंडळी’ म्हणण्याची पद्धत होती, हा केवळ शब्दांचा योगायोग समजू नये. नाटकमंडळी हा खरोखरच एक संसार होता. एका बिऱ्हाडात सगळे राहत, एका पंगतीत जेवत, एका गाडीने गाव बदलत. नट, पेटीवाला, तबलजी, रंगपटातली माणसे, पडदे सांभाळणारे, स्वयंपाकी आणि गाण्याच्या आशेने आईबापांनी मंडळीत ठेवलेली लहान पोरे, सगळे त्यात आले.

पण या संसाराचा हिशेब दोन वह्यांत असे म्हणा ना. एका वहीत मालक किंवा भागीदार. खेळाचे उत्पन्न त्यांचे, कर्जही त्यांचे. दुसऱ्या वहीत बाकीचे सगळे पगारी. ज्याच्या गाण्यासाठी थिएटर भरे तो नट या दुसऱ्या वहीत असला, तर नाट्यगृह तुडुंब भरले म्हणून त्याच्या महिन्यात फरक पडत नसे. पुढच्या पुष्कळशा घटनांचे बीज या दोन वह्यांत आहे.

आता मंडळी-मंडळींतली चढाओढ पाहू. किर्लोस्कर मंडळीच्या हाती ‘शाकुंतल’ आणि ‘सौभद्र’ होते. मोरोबा वाघुलीकर, बाळकोबा नाटेकर, भाऊराव कोल्हटकर यांच्यासारखे गळे होते. या मंडळीशी गाण्यात टक्कर घेणे अवघड. मग इतरांनी काय केले? शाहूनगरवासी मंडळीने गद्याची वाट धरली. गणपतराव जोशांनी आगरकरांच्या ‘विकारविलसित’मधला हॅम्लेट असा उभा केला, की गाण्यावाचून नाटक चालत नाही हा समज खोटा ठरला. पुढे महाराष्ट्र नाटक मंडळीने गद्यच घेतले, पण त्यात राजकारणाची धग आणली. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली आले आणि सरकारला ते इतके झोंबले, की १९१० साली त्यावर बंदी घातली गेली. इकडे किर्लोस्कर मंडळीही स्वस्थ नव्हती. पौराणिक नाटकांवर नाव झालेल्या या मंडळीने १८९९ साली देवलांचे ‘शारदा’ केले. म्हाताऱ्याला पोर विकण्याचा विषय, साधी घरगुती भाषा, आणि तरीही गाणे.

केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श १ जानेवारी १९०८ रोजी हुबळीस निघाली. केशवराव तेव्हा अठराव्या वर्षात होते. लहानपणी ते स्वदेशहितचिंतक मंडळीत होते, आणि त्यांची ‘शारदा’ लोकांच्या तोंडी झाली होती. तरुण मालकाच्या या मंडळीने पुढे मामा वरेरकरांसारखा लेखक हाताशी धरला आणि हुंड्याच्या प्रश्नावर ‘हाच मुलाचा बाप’ रंगवले.

ही यादी पाहिली म्हणजे एक गोष्ट दिसते. चांगली चाललेली स्पर्धा माणसाला दुसऱ्याची नक्कल करू देत नाही. ‘सौभद्र’ सगळेच करीत, त्यावरून प्रेक्षक तुलनाही करीत. पण दुसऱ्यासारखेच करून दुसऱ्याच्या पुढे जाता येत नाही, हे चांगल्या मंडळ्यांना कळले होते. म्हणून एकाने गळा धरला, एकाने गद्य, एकाने राजकारण, एकाने चालू समाजाचे प्रश्न. १९११ ते १९२१ या दहा-अकरा वर्षांत ‘मानापमान’, ‘विद्याहरण’, ‘संशयकल्लोळ’, ‘स्वयंवर’, ‘एकच प्याला’, ‘भावबंधन’ अशी नाटके एकामागून एक आली. एवढ्या थोड्या काळात एवढे पीक मराठी रंगभूमीने आधी काढले नव्हते. लेखकांना मागणी आली, गवयांना मागणी आली, कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटरांसारख्या चित्रकारांना पडदे रंगवण्याची कामे मिळाली. या बाबतीत स्पर्धेच्या बाजूने बोलणाऱ्यांचे म्हणणे मान्यच केले पाहिजे.

पण हीच चढाओढ मंडळीच्या भिंतीच्या आत शिरली, की तिचे रूप पालटते. त्याचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे किर्लोस्कर मंडळीची १९१३ ची फूट.

१२ मार्च १९११ रोजी ‘मानापमान’चा पहिला प्रयोग झाला. नाटक खाडिलकरांचे, चाली गोविंदराव टेंब्यांच्या. नानासाहेब जोगळेकर धैर्यधर, गणपतराव बोडस लक्ष्मीधर, आणि नारायणराव राजहंस, म्हणजे बालगंधर्व, भामिनी. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग पुढे ढकलला असता तर त्यांना कुणीही नाव ठेवले नसते. तरी ते रात्री शालू नेसून उभे राहिले आणि भामिनी हसली, रुसली, गाइली. बालगंधर्व त्या वेळी तेवीस वर्षांचेही नव्हते, आणि मंडळीचे मालक नव्हते. पगारी नट होते. आता सांगा, हे कोणत्या मोबदल्याने होते? कोणत्या बक्षिसाने होते? मंडळीचा शब्द गेला, लोक जमले, नव्या नाटकावर सगळ्यांची पोटे अवलंबून आहेत, एवढ्या जाणिवेनेच हे होऊ शकते. पंगतीचे नाते इथे कामाला आले.

आणि अशा या माणसाने सव्वादोन वर्षांत ती मंडळी सोडली! असे का व्हावे?

नानासाहेब जोगळेकर त्याच वर्षी, १९११ मध्ये, वारले. ते नटही होते आणि मंडळीचे चालकही. चालक आणि नट यांच्यामधला दुवाच तुटला. कारभार शंकरराव मुजुमदारांकडे राहिला. शंकरराव मंडळीच्या नावाला जपणारे होते, यात शंका नाही. पण थिएटर भरत होते ते बालगंधर्वांच्या गाण्याने आणि बोडसांच्या अभिनयाने. मे १९१३ च्या अखेरीस ‘विद्याहरण’ रंगभूमीवर आले, आणि जुलै १९१३ मध्ये बालगंधर्व, बोडस आणि टेंबे या तिघांनी बाहेर पडून गंधर्व नाटक मंडळी काढली. नावे पाहा. ‘मानापमान’ उभे करणारे जे तिघे जिवंत होते, तेच हे तिघे. किर्लोस्कर मंडळीकडे नाव राहिले, सामान राहिले, आणि नाटक ज्यांनी रंगवले ते गेले.

या फुटीबद्दल त्या पिढीत पुष्कळ कडवट बोलले गेले. कुणी नटांना कृतघ्न म्हटले, कुणी चालकांना हेकट म्हटले. आज एवढ्या वर्षांनी कुणाची बाजू घेण्याचे कारण नाही. मला यात स्वभावापेक्षा रचनेचा दोष अधिक दिसतो. ज्यांच्या श्रमावर उत्पन्न अवलंबून आहे त्यांना निर्णयात जागा नाही, आणि ज्यांच्या हाती निर्णय आहे त्यांना रंगमंचावर उभे राहायचे नाही, अशी घडी फार दिवस टिकत नाही. पुरावा हवा असेल तर पुढे बघा. किर्लोस्कर मंडळीने पुन्हा उभारी धरली, दीनानाथ मंगेशकरांसारखा तेजस्वी गळा तिला मिळाला. आणि १९१८ साली दीनानाथ, चिंतामणराव कोल्हटकर आणि कृष्णराव कोल्हापुरे यांनी बाहेर पडून बळवंत संगीत मंडळी काढली. पाच वर्षांत तीच गोष्ट दुसऱ्यांदा! माणसे निराळी, घडी तीच.

मग तोड काय? नटांनाच मालक करावे? गंधर्व मंडळीत तोच प्रयोग झाला. तीन कलावंत, तिघेही भागीदार. पहिली काही वर्षे काम फार चांगले झाले. देवलांनी आपल्या जुन्या ‘फाल्गुनरावा’वरून बेतलेले ‘संशयकल्लोळ’ ऑक्टोबर १९१६ मध्ये रंगभूमीवर आले. ते पाहायला देवल राहिले नाहीत. जूनमध्येच ते गेले होते. डिसेंबरात खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ आले, त्याच्या चाली भास्करबुवा बखल्यांच्या. पण टेंबे लवकरच वेगळे झाले होते, त्यांनी शिवराज मंडळी काढली. पुढे बोडसही बाहेर पडले. मालकी आणि कर्ज दोन्ही बालगंधर्व एकट्यांच्या अंगावर आले. भागीदारीने पैशाचा प्रश्न सुटतो, पण कुणाचा शब्द शेवटचा, हा प्रश्न भागीदारीने सुटत नाही. आणि प्रेक्षक तर एकाच्याच नावाने येत होते. तिघांचे भाग कागदावर सारखे असले तरी टाळ्या काही सारख्या वाटल्या जात नाहीत.

टाळ्यांचा विषय निघाला, तेव्हा ‘वन्समोअर’बद्दल बोललेच पाहिजे. नाटकमंडळीत पगारापेक्षा, बक्षिसापेक्षा, शालजोडीपेक्षा मोठा मोबदला हा होता. एखादे पद रंगले, की पिटातून ‘वन्समोअर’ची गर्जना होई आणि नट ते पद पुन्हा म्हणे. पुन्हा मागणी आली की पुन्हा. ‘शाकुंतला’त मुळातच दोनशेच्या आसपास पदे! रात्री सुरू झालेले नाटक पहाटेपर्यंत चाले, त्याचे एक कारण हे. श्रोत्यांच्या दृष्टीने ही चंगळच होती, आणि त्यातून मराठी नाट्यसंगीताचे वैभव वाढले हेही खरे. मीही ती पदे जुन्या ध्वनिमुद्रिकांवर ऐकतो आणि डोलतो.

पण जरा रंगमंचावरच्या दुसऱ्या नटाच्या जागी उभे राहून पाहा. शेजारी नायिका तेच पद तिसऱ्यांदा म्हणते आहे. याच्या चेहऱ्यावर पहिल्या वेळी जो राग, जी उत्कंठा होती, ती आता कुठून आणायची? हातातली तलवार खाली ठेवायची की तशीच धरायची? प्रवेश तिथेच थबकतो. आणि याला कळून चुकते, की आपण प्रवेश कितीही जमवला तरी त्याला वन्समोअर नाही. वन्समोअर पदाला आहे. मग जो तो पदाच्या मागे लागतो. लेखकाकडे पदांची मागणी होते. संवाद चांगला टाकणारा नट मागे पडतो, गळा असलेला पुढे येतो, मग त्याला बोलता येवो न येवो. जो गुण बक्षिसाने मोजला जातो, तेवढाच गुण वाढतो. बाकीचे गुण कुणी मारीत नाही, ते आपोआपच वाळतात. ‘संगीत नाटका’तले नाटक हळूहळू कमी झाले आणि बैठक वाढली, अशी जी तक्रार पुढच्या टीकाकारांनी केली, तिचे मूळ एकट्या कुणाच्या हौसेत नव्हते. सगळ्या थिएटरने मिळून, टाळ्या वाजवून, ते घडवले होते.

याला आवर घालणारा एक माणूस मंडळीत असे. तो म्हणजे तालीम-मास्तर. देवलांनी किर्लोस्कर मंडळीत हे काम कित्येक वर्षे केले. बालगंधर्वांचे बोलणे-चालणे घडवण्यात त्यांचा मोठा वाटा. खाडिलकरही आपल्या नाटकांच्या तालमी स्वतः घेत. अशा माणसाला वन्समोअर मिळत नाही, पिटाला तो दिसतसुद्धा नाही. त्यामुळेच त्याला सगळे नाटक दिसते. देवल गेले, आणि गाण्याचा जोर वाढत गेला, या दोन गोष्टी अगदीच असंबद्ध आहेत असे मला वाटत नाही.

बालगंधर्वांची एक बाजू मात्र इथे सांगितली पाहिजे. स्वतःच्या गाण्याला टाळ्या पडत असताना त्यांनी साथीला दुबळी माणसे ठेवली नाहीत. तबल्यावर अहमदजान थिरकवा, सारंगीवर कादरबक्ष! शेजारी एवढे तयार वादक बसवायला मनाचा मोठेपणा लागतो. पुष्कळ नामवंतांना तो साधत नाही. त्यांना उजळ दिसण्यासाठी शेजारी अंधार लागतो. साथीदाराचे कसब वाढले म्हणजे आपले गाणे कमी होत नाही, हे बालगंधर्वांना पक्के ठाऊक होते. मंडळी कर्जात बुडाली तरी रंगमंचावरचा दर्जा त्यांनी खाली येऊ दिला नाही. व्यवहार म्हणून ही गोष्ट चुकीची असेल. कलेच्या बाजूने पाहिले तर तिचे मोल मोठे आहे.

आता या सगळ्या काळातली सर्वांत विलक्षण रात्र. ८ जुलै १९२१. मुंबईचे बालीवाला थिएटर. टिळकांना जाऊन वर्ष होत आले होते आणि टिळक स्वराज्य फंडासाठी देशभर पैसा जमत होता. या फंडासाठी गंधर्व मंडळी आणि ललितकलादर्श या दोन प्रतिस्पर्धी मंडळ्यांनी मिळून ‘मानापमान’ करायचे ठरवले. बालगंधर्व भामिनी आणि केशवराव भोसले धैर्यधर. दोघेही आपापल्या मंडळीचे मालक, दोघेही गायनाचे बादशहा, दोघांच्या वयात अवघे दोन वर्षांचे अंतर. दोघांचे चाहतेही असे, की एकाचे नाव घेतले तर दुसऱ्याचा चाहता उठून जाईल! त्या काळी मुंबई-पुण्यात या प्रयोगाचीच चर्चा होती. जास्त कोण रंगणार? कोण कुणाला खाणार?

प्रयोग अपूर्व झाला, असे तो पाहिलेल्यांनी पुढे जन्मभर सांगितले. थोड्याच दिवसांत दोघांनी ‘सौभद्र’ही एकत्र केले. या यशाचा उलगडा कसा करायचा? चढाओढ नव्हती म्हणून ते साधले, असे म्हणता येत नाही. चढाओढ तर शिगेला पोचलेली होती. केशवरावांनी आपले सर्वस्व ओतले असेल, आणि बालगंधर्वांनीही ओतले असेल. समोरचा माणूस तसाच होता. पण तीन गोष्टी त्या रात्री निराळ्या होत्या. एक, पैसा दोघांपैकी कुणाच्याच पेटीत जायचा नव्हता. तो फंडाला जायचा होता. त्यामुळे वाटणीचे भांडण मुळातच उरले नाही. दोन, भूमिकाच अशा होत्या, की एकाचे यश दुसऱ्यावर अवलंबून. धैर्यधर फिका पडला तर भामिनीचे मन पालटते ते कशामुळे? भामिनी रंगली नाही, तर धैर्यधराचा मान-अपमान कुणाकडून? आणि तीन, दोघेही त्या एका रात्रीनंतर आपापल्या बिऱ्हाडी परत जाणार होते. कायमचे एकत्र राहिले असते तर काय झाले असते, हे टेंबे आणि बोडस यांच्या उदाहरणावरून ओळखता येते.

नियतीने मात्र फार वेळ दिला नाही. तीन महिन्यांच्या आत, ४ ऑक्टोबर १९२१ रोजी, केशवराव गेले. वय एकतीस.

मालक गेला की मंडळी मोडायची, हा सर्वसाधारण क्रम. ललितकलादर्श मोडली नाही. बापूराव पेंढारकरांनी ती हाती घेतली आणि पुढच्याच वर्षी, १९२२ साली, वरेरकरांचे ‘सत्तेचे गुलाम’ उभे केले. बापूरावांनंतरही पुढच्या पिढीत भालचंद्र पेंढारकरांनी हे नाव चालवले. ललितकलादर्शचा डोलारा एका गळ्यावर उभा नव्हता. लेखक होता, नेपथ्याची दृष्टी होती, तयार होत आलेला दुसरा माणूस होता. बालगंधर्वांच्या मंडळीत दुसरा बालगंधर्व होणे शक्यच नव्हते, आणि होऊ द्यावा अशी प्रेक्षकांचीही इच्छा नव्हती.

शेवटी चढाओढ आली ती निराळ्याच बाजूने. १९३१ साली ‘आलम आरा’ हा बोलपट आला, १९३२ साली प्रभात कंपनीचा ‘अयोध्येचा राजा’ आला; त्यात हरिश्चंद्र झाले होते ते आपले गोविंदराव टेंबेच. एका रात्री एकाच गावात होणारा खेळ आणि एकाच दिवशी दहा गावांत तीन-तीन वेळा दाखवता येणारा खेळ, यांची तुलनाच नव्हती. बालगंधर्वांनी मंडळीचा कारभार आवरता घेतला आणि १९३५ साली ते प्रभातच्या ‘धर्मात्म्या’त एकनाथ म्हणून पडद्यावर आले. याच सुमारास, १ जुलै १९३३ रोजी, नाट्यमन्वंतर या संस्थेने मुंबईत ‘आंधळ्यांची शाळा’ केले. पदे मोजकी, स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनीच केलेल्या, आणि सगळा भर एकजिनसी परिणामावर. वन्समोअरच्या राज्यावरचे ते उत्तर होते. पण ही संस्थाही फार वर्षे चालली नाही. ध्येय उत्तम होते, माणसे गुणी होती. मात्र महिनाअखेर घर कसे चालवायचे, या प्रश्नाला नुसत्या ध्येयाने उत्तर मिळत नाही. मोबदल्याचे नाव काढले की नाक मुरडणाऱ्यांनी ही गोष्ट विसरू नये.

हा सारा इतिहास आज सांगण्याचे कारण असे. महाराष्ट्रात नाटकाच्या स्पर्धा आता पुष्कळ आहेत. राज्य नाट्यस्पर्धेने हौशी रंगभूमीला कितीतरी वर्षे बळ दिले. पुण्यात महाराष्ट्रीय कलोपासक संस्थेची पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धा १९६३ पासून कॉलेजच्या मुलांसाठी चालत आली आहे. तिथला करंडक संघाला मिळतो. २०२२ साली परीक्षकांनी तो कुठल्याच संघाला दिला नाही. त्या दर्जाची एकांकिका आढळली नाही, असे त्यांनी ठरवले. मुले नाराज झाली, वाद झाला. पण बक्षीस आहे म्हणून ते कुणाला तरी दिलेच पाहिजे असे नाही, हा धडा त्या वर्षी मुलांबरोबर आम्हा मास्तरांनाही मिळाला.

आमच्याकडे दरवर्षी तालमी सुरू होतात, तेव्हा मुलांची काही चर्चा कानावर येते. अभिनयाची बक्षिसे किती, कुणाच्या भूमिकेला वाव आहे, अमक्याला दोनच वाक्ये का. तो वन्समोअरचाच नवा अवतार. त्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. आपण जे मोजतो, त्याच्याच मागे ती धावणार. म्हणून गॅदरिंगच्या आणि गणेशोत्सवाच्या स्पर्धा भरवणाऱ्या मंडळींना माझे दोन-तीन शब्द सांगणे आहे. मोठे बक्षीस संघाला ठेवा, आणि त्यातली रक्कम प्रकाशयोजना करणाऱ्यापासून पडदा ओढणाऱ्यापर्यंत सगळ्यांत वाटली जाईल असे बघा. एकेकट्याची बक्षिसे ठेवायची तर ठेवा, पण त्यांत एक साथीदारासाठी असू द्या; ज्याच्यामुळे समोरच्याचे काम रंगले, अशा नटासाठी. आणि तालमीला असा एक माणूस बसवा, ज्याला स्वतःला कोणतेच बक्षीस मिळायचे नाही.

दोन संघांत ईर्षा असू द्या, चांगली कडकडीत असू द्या. पण स्पर्धा संपल्यावर एखाद्या वर्षी दोन्ही संघांतल्या चांगल्या नटांना एकत्र आणून एक प्रयोग करा, आणि त्याचे उत्पन्न एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या फीसाठी द्या. १९२१ च्या जुलैत ते एकदा करून झालेले आहे, आणि करणारे लोक आपल्या मुलांहून फार मोठे नव्हते. एक तेहतीस वर्षांचा होता, एक तीस वर्षांचा.